हरलेल्या देवांचं करायचं काय? ग्रीक पुराणांतल्या शिक्षांविषयी

कातळवाट

ग्रीक पुराणांतल्या शिक्षा म्हटलं की डोंगरावर धोंडा ढकलणारा सिसिफस आणि पाण्यात उभा राहूनही तहानलेला टँटॅलस हे दोघे हटकून आठवतात. दोघेही राजे, दोघेही मर्त्य. या धाग्यात मला बोलायचंय ते लढाई हरलेल्या देवांबद्दल. तिथे जेत्यापुढे अशी अडचण उभी राहते, जी माणसांच्या युद्धात येतच नाही. देव अमर आहे. त्याचं मुंडकं उडवून प्रश्न मिटत नाही. आज हरवला तो हजार वर्षांनीही असणारच, तेवढाच ताकदवान आणि तेवढाच चिडलेला. मग त्याचं करायचं काय?

इ.स.पू. ७०० च्या सुमारास हेसिअड या कवीने 'थिऑगनी' हे देवांच्या वंशावळीचं काव्य रचलं. त्यात या प्रश्नाचं जे उत्तर मिळतं, ते मला फार विचाराने रचलेलं वाटतं. देवांचा राजा झ्यूस याने शत्रूंना छळलं कमी आणि जागा नेमून दिल्या जास्त. हरलेला जवळजवळ प्रत्येक जण जगाच्या रचनेत कुठेतरी बसवला गेला, आणि जग उभं आहे त्यात त्याचाही वाटा आहे.

पूर्वपीठिका दोन ओळींत. आकाश म्हणजे युरेनस, पृथ्वी म्हणजे गाया. युरेनस आपली मुलं जन्मताच गायाच्या पोटात परत कोंबायचा. धाकट्या क्रोनसने आईने दिलेल्या विळ्याने बापाला खच्ची केलं. पुढे आपल्यालाही आपलाच मुलगा उलथवणार हे भाकीत कळल्यावर तो मुलं गिळायला लागला. धाकट्या झ्यूसच्या जागी क्रोनसची बायको रिआ हिने दुपट्यात गुंडाळलेला दगड दिला म्हणून झ्यूस वाचला. म्हणजे कोंडून ठेवणं ही या घराण्याची जुनीच रीत. आजोबाने पृथ्वीच्या पोटात कोंडलं, बापाने स्वतःच्या.

झ्यूस आणि टायटन (क्रोनस आणि त्याची भावंडं) यांचं युद्ध दहा वर्षं चाललं. टायटन ऑथ्रिस डोंगरावर, झ्यूसचा पक्ष ऑलिम्पसवर. दोन्ही डोंगर खरे आहेत, ग्रीसमधल्या थेसलीच्या मैदानाच्या दोन अंगांना. निकाल लागेना तेव्हा गायाने सल्ला दिला की युरेनसने जमिनीखाली जखडून ठेवलेल्या तिघांना बाहेर काढा. ब्रिआरिऑस, कॉटस आणि गाइजीस. प्रत्येकाला शंभर हात आणि पन्नास डोकी. झ्यूसने त्यांना वर आणलं, आधी देवांचं अन्न आणि पेय दिलं, आणि त्यांच्या अंगात उमेद आल्यावर मग मदत मागितली. हा क्रम हेसिअडने नीट सांगितलाय. कॉटस म्हणतो, तुझ्यामुळे आम्ही अंधारातून परत आलो, आम्ही तुझ्या बाजूने लढू. पुढच्या लढाईत तिघांच्या हातांतून तीनशे शिळा एकामागोमाग सुटल्या, टायटन त्यांखाली झाकले गेले, बांधले गेले आणि खाली रवाना झाले. विजेचं अस्त्रसुद्धा झ्यूसला मिळालं ते सोडवलेल्या कैद्यांकडूनच, सायक्लॉप्स या एकडोळ्या भावांकडून.

आता 'खाली' म्हणजे किती खाली? काशाची ऐरण आकाशातून सोडली तर नऊ दिवस, नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी पृथ्वीला टेकेल. पृथ्वीवरून सोडली तर पुन्हा तेवढीच वाट, तेव्हा टार्टारस येतो. त्याला काशाचं कुंपण, मानेभोवती रात्रीचे तीन वेढे, वरच्या अंगाला पृथ्वीची आणि समुद्राची मुळं. समुद्रदेव पोसायडनने बसवलेली काशाची दारं. तिथे एक काशाचा उंबरठाही आहे, ज्यावर दिवस आणि रात्र रोज भेटतात, विचारपूस करतात आणि एक आत जातो तशी दुसरी बाहेर पडते. दोघं एका वेळी घरात कधीच नसतात.

एवढं बारीक वर्णन करणारा हा कवी आत टायटनांचा छळ चालतो असं मात्र कुठेही म्हणत नाही. चाबूक नाही, आग नाही. होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या आठव्या पुस्तकातही टायटन इआपेटस आणि क्रोनस पृथ्वीच्या आणि समुद्राच्या शेवटच्या टोकाशी नुसते बसलेले आहेत. त्यांना ऊन लागत नाही, वारा लागत नाही. शिक्षा आहे ती दूर असण्याची. आणि दारावर पहारा? त्याच तिघा शंभरहातींचा. जे कालपर्यंत आत होते तेच आज राखणदार. सुटकेची किंमत ज्यांना कळते त्यांच्यापेक्षा चांगला पहारेकरी झ्यूसला कुठे मिळणार होता?

इआपेटसचा मुलगा ॲटलस याची गोष्ट वेगळी. तो टार्टारसमध्ये नाही. पृथ्वीच्या पश्चिम टोकाला, हेस्पेरिडी या अप्सरांच्या सफरचंदांच्या बागेजवळ, डोक्यावर आणि हातांवर आकाश तोलून उभा आहे. हेसिअड त्याचा गुन्हा सांगत नाही, फक्त 'झ्यूसने हा वाटा त्याला दिला' एवढंच. ऑलिम्पियाच्या झ्यूस मंदिरात (इ.स.पू. ४६० च्या आसपासचं काम) झ्यूसचा मुलगा, वीर हेराक्लिस याच्या बारा पराक्रमांच्या शिल्पपट्टिका होत्या. त्यांतल्या एकीत ॲटलस सफरचंदं आणायला गेला असताना हेराक्लिसने त्याचा भार घेतलाय. नीट बघितलं तर हेराक्लिसच्या मानेवर दुमडलेली उशी दिसते. आकाश रुततंय त्याला. समोर ॲटलस तळहातांवर सफरचंदं धरून उभा, मोकळा. आणि हेराक्लिसच्या मागे देवी अथीना, तिने एकच हात वर करून आकाशाला टेकू दिलाय, चेहऱ्यावर आठी नाही. हे शिल्प मी फोटोंमधून कितीतरी वेळा बघितलंय आणि दर वेळी अथीनेच्या त्या हातापाशी थांबलोय. देवांना तो भार पेलतोच. ॲटलसची शिक्षा वजनात नाही, तिथून कधीच हलता न येण्यात आहे.

टायटन गेल्यावर गायाने टार्टारसपासून टायफॉनला जन्म दिला. खांद्यांवर सापांची शंभर डोकी, प्रत्येकीतून वेगळा आवाज: कधी बैल, कधी सिंह, कधी कुत्र्याची पिल्लं. झ्यूसने त्याला जाळलं तेव्हा मुशीत कथील वितळावं तशी जमीन वितळली. त्यालाही टार्टारसमध्ये टाकलं, पण समुद्रावर जहाजं बुडवणारे आणि शेतं उद्ध्वस्त करणारे वारे त्याच्यापासून येतात असं हेसिअड म्हणतो. पुढे पिंडार या कवीने इ.स.पू. ४७० मध्ये सिरॅक्यूजचा राजा हायरन याच्यासाठी रचलेल्या विजयगीतात टायफॉनला सिसिलीच्या एटना पर्वताखाली ठेवलं. वर बारमाही बर्फ, खाली हा. दिवसा धुराचे लोट, रात्री लाल ज्वाळांत शिळा गडगडत समुद्रात जातात, आणि जमिनीचं अंथरूण त्याच्या पाठीला टोचत राहतं. आणखी एक गोष्ट: पिंडारचा टायफॉन एटनापासून इटलीच्या क्युमी किनाऱ्यापर्यंत पसरलाय, आणि त्याच क्युमीपाशी इ.स.पू. ४७४ मध्ये हायरनने इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचं आरमार हरवलं होतं. कवी त्या लढाईचा त्याच गीतात उल्लेख करतो. देवांच्या शत्रूला दडपलेली जागा आणि राजाच्या शत्रूला हरवलेली जागा एकच.

शेवटचा मुद्दा, जो बहुतेक ठिकाणी गाळला जातो. सगळ्या टायटनांना शिक्षा झालीच नाही. युद्धाआधी झ्यूसने जाहीर केलं होतं की जो माझ्या बाजूने लढेल त्याचा मान कायम राहील, आणि क्रोनसच्या राज्यात ज्याला मान मिळाला नाही त्याला तो मिळेल. सगळ्यांत आधी पाताळातल्या नदीची देवी स्टिक्स आपल्या चार मुलांना घेऊन आली. तिच्या पाण्यावर देवांनी शपथ घ्यायची हा मान तिला मिळाला, मुलं झ्यूसच्या घरी राहिली. हेकाटी या देवीचं पृथ्वी, समुद्र आणि आकाशातलं वतन कायम झालं. थेमिस आणि नेमोसिनी या टायटन बहिणी झ्यूसच्या बायका झाल्या. एकीपासून ऋतुदेवता, दुसरीपासून नऊ कलादेवता. तेव्हा 'झ्यूसने आधीच्या पिढीला गाडलं' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. त्याने फोड केली. वतनं कायम केली, नाती जोडली, आणि जे वळलेच नाहीत त्यांना ऐरणीच्या अंतरावर ठेवलं.

तुम्हाला काय वाटतं? इतर परंपरांतली उदाहरणं ठाऊक असतील तर जरूर लिहा.

---

पाणंद

सुंदर लेख. पण प्रोमिथियस कुठाय? देवांच्या शिक्षा म्हटल्यावर मला तर तोच पहिला आठवतो.

---

कातळवाट

@पाणंद, त्याला मुद्दाम बाजूला ठेवला, कारण तो युद्धकैदी नाही. नाटककार एस्किलसच्या नावावरच्या 'प्रोमिथियस बाउंड' नाटकात तर तो स्वतः सांगतो की मी झ्यूसला सल्ला दिला म्हणून टायटन हरले. त्याचा गुन्हा नंतरचा: मेकोनीला बैलाची वाटणी करताना चरबीत गुंडाळलेली हाडं झ्यूसपुढे ठेवली, मांस माणसांसाठी राखलं, आणि वर आग चोरली.

इआपेटसच्या चार मुलांच्या शिक्षा शेजारी शेजारी ठेवून बघा. मेनोइटिअस उद्धट होता, त्याला वीज मारून अंधारात पाठवलं. एका ओळीत विषय संपला. ॲटलसला जागा आणि काम. एपिमिथियसला पँडोरा, म्हणजे संकटं घेऊन आलेली पहिली स्त्री. आणि प्रोमिथियसला खांबाशी बांधून गरुड सोडला. दिवसा जेवढं यकृत खाल्लं जाई तेवढं रात्रीत परत वाढे. चौघांत शरीराला रोजची वेदना देणारी शिक्षा याच एकाला आहे. जो समोरून लढला त्याला दूर ठेवलं, ज्याने आपल्यात राहून फसवलं त्याला यातना. हेसिअडचा झ्यूस शत्रूपेक्षा फितुरीवर जास्त चिडतो असं माझं मत आहे.

व्हॅटिकनच्या संग्रहात इ.स.पू. सहाव्या शतकातली स्पार्टाकडची एक पसरट पेयपात्री आहे, तिच्या आतल्या गोल चित्रात दोघे भाऊ एकत्र आहेत. डावीकडे वाकलेला ॲटलस, उजवीकडे खांबाला बांधलेला प्रोमिथियस, छातीवर पक्षी, आणि रक्ताचे थेंब खाली पडताना काढलेत. पेय संपत आलं की पिणाऱ्याला हे चित्र दिसायचं.

---

अश्वत्थ_पार

यकृताबद्दल लिहितो, कारण माझा हा रोजच्या कामाचा विषय आहे. यकृत वाढतं हे खरं. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून बघितला, तर उरलेला भाग आठवड्याभरातच जवळजवळ मूळ वजनाला येतो. माणसातही होतं, पण त्याला आठवडे-महिने लागतात. काढलेला तुकडा पुन्हा फुटत नाही, शिल्लक भाग मोठा होतो.

'ग्रीकांना हे ठाऊक होतं' असं व्याख्यानांत सर्रास सांगतात, ते मला पटत नाही. त्यांना यकृत जवळून माहीत होतं ते बळी दिलेल्या जनावराचं, कौल बघण्यासाठी. आणि कथेतलं यकृत परत येतं ते देव अमर आहे म्हणून. हेसिअड त्याला 'अमर यकृत' म्हणतो. अवयवाचा गुण तिथे मुद्दा नाहीच.

---

पाणंद

@अश्वत्थ_पार, हे फार छान सांगितलंत. म्हणजे अमरपणा हीच त्याची खरी बेडी झाली.

---

कातळवाट

@पाणंद, अगदी. आणि पुराणकथांचा संग्राहक अपोलोडोरस याने सांगितलेल्या कथेत सुटकाही त्याच वाटेने होते. कायरॉन हा सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) हेराक्लिसच्या विषारी बाणाने घायाळ होतो. जखम भरत नाही आणि अमर असल्यामुळे मरणही येत नाही. तो प्रोमिथियससाठी आपला अमरपणा सोडून देतो आणि सुटतो. हेसिअडकडे कायरॉन नाही. तिथे हेराक्लिस गरुड मारतो आणि झ्यूस ते चालवून घेतो, मुलाची कीर्ती वाढावी म्हणून. रोमन लेखकांनी आणखी एक भर घातली: प्रोमिथियसने बोटात लोखंडी अंगठी घालायची, तिच्यात त्या कड्याच्या दगडाचा तुकडा. शिक्षा संपली तरी ती अंगावर वागवायची.

---

नकाशेवाला

एक छोटी भर. ॲटलस पृथ्वी उचलून धरतो अशी चित्रं सगळीकडे दिसतात, पण धागाकर्त्याने लिहिलंय तेच बरोबर, त्याच्यावर आकाश आहे. नेपल्सच्या संग्रहालयात फार्नेस ॲटलस नावाचा रोमन काळातला संगमरवरी पुतळा आहे, दोन मीटरहून उंच. त्याच्या खांद्यावरच्या गोलावर देश कोरलेले नाहीत, तारकासमूह आहेत. मेष, वृषभ, अर्गो जहाज ओळखू येतात. पाश्चात्त्य तारकासमूहांचं एवढं सविस्तर चित्रण त्याहून जुनं उरलेलं नाही.

---

वेशीवरचा

मला धाग्यातल्या मुख्य मुद्द्याला पूरक असं काही सांगायचंय, जरा लांबेल.

ही कथा ग्रीकांची एकट्याची नाही. तुर्कस्तानात बोआझकालेजवळ हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा सापडली. तिथल्या मातीच्या पाट्यांवर इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातलं एक गीत आहे. आधी अलालू नऊ वर्षं स्वर्गाचा राजा. त्याचा पेयवाहक अनू त्याला हरवतो, अलालू पळून काळ्या जमिनीखाली जातो. अनूचीही नऊ वर्षं. मग कुमार्बी अनूच्या मागे लागतो, त्याचं पुरुषत्व चावून गिळतो, आणि त्यातून त्याच्या पोटात वादळाचा देव तेशुब वाढतो, जो पुढे कुमार्बीला हटवतो. युरेनस, क्रोनस, झ्यूस हा क्रम समोर ठेवला तर खच्ची करणं, पोटात वाढणं आणि शेवटी वीज-वादळाच्या देवाची सत्ता, सगळं जुळतं. या कथा पूर्वेकडून ग्रीसमध्ये आल्या हे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

पण शिक्षेच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हित्ती राजे तह करत तेव्हा साक्षीला ज्या देवांची नावं लिहीत, त्यांत जमिनीखाली गेलेले हे 'आधीचे देव'ही असत. अलालू त्यांत आहे. सत्ता गेली पण शब्द राखायला ते हवेतच. आणि आता 'इलियड'चं चौदावं पुस्तक बघा. हेरा झोपेच्या देवाला वचन देते तेव्हा स्टिक्सच्या पाण्याची शपथ घेते आणि टार्टारसखालच्या टायटनांना साक्षी ठेवते. झ्यूसची बायको, झ्यूसला फसवण्याच्या बेतात, झ्यूसने गाडलेल्यांना साक्षी ठेवते! कैदेतल्या देवांचं वजन संपलं नव्हतं याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

बॅबिलोनमध्ये मात्र हिशेब वेगळा. तिथे देव मरू शकतो. मार्दुक हा देव आदिसमुद्राची देवी तिआमत हिला उभी चिरून अर्ध्या भागाचं आकाश करतो, तिचा सेनापती किंगू याला मारून त्याच्या रक्तातून माणूस घडवला जातो. जगाच्या रचनेत हरलेल्यांचा वाटा तिथेही आहे, पण मेल्यानंतर. ग्रीकांकडे तो जिवंतपणी.

---

कातळवाट

@वेशीवरचा, हेराच्या शपथेचा मुद्दा मी लेखात घ्यायला हवा असा आहे. प्रतिसादाबद्दल मनापासून आभार.

---

शेवंती_वेणी

हे वाचताना मला सतत बळीराजा आठवत राहिला. वामनाने पाताळात घातला, पण बलिप्रतिपदेला आपल्याकडे अजून 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणून ओवाळतात. हरलेल्याचं राज्य परत यावं अशी प्रार्थना! महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीला इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं तेही याच लोकस्मृतीच्या बळावर. क्रोनसबद्दल ग्रीक सामान्य माणसांना असं काही वाटत होतं का?

---

वेशीवरचा

@शेवंती_वेणी, हो, वाटत होतं. हेसिअडच्याच दुसऱ्या काव्यात, 'वर्क्स अँड डेज'मध्ये, सोन्याच्या पिढीची माणसं क्रोनसच्या राज्यात होती. कष्ट नाहीत, म्हातारपणाची पीडा नाही, शेत आपोआप पिकतंय. अथेन्समध्ये उन्हाळ्यात क्रोनिया नावाचा सण असायचा, त्या दिवशी मालक आणि गुलाम एका पंगतीला जेवत.

रोमनांनी क्रोनसला आपला सॅटर्न मानला. रोमन कवी व्हर्जिल सांगतो की ज्युपिटरच्या (म्हणजे झ्यूसच्या) शस्त्रांपासून पळालेला सॅटर्न इटलीत आला, डोंगरांत विखुरलेल्या लोकांना त्याने एकत्र आणलं, कायदे दिले. रोमच्या फोरममध्ये कॅपिटॉल टेकडीच्या पायथ्याशी त्याचं देऊळ होतं, आठ खांब आजही उभे आहेत. आतल्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या बंधांनी बांधलेले असत. डिसेंबरात सॅटर्नालिया आला की ते सोडत. सणाचे दिवस संपले की पुन्हा बांधत.

बळीशी फरक मात्र मोठा आहे. बळी रणात हरला नाही, दिलेला शब्द पाळून गेला. म्हणून भागवतात सुतलात त्याच्या दारावर स्वतः विष्णू उभा राहतो, तो राखण करायला. टार्टारसच्या दारावरचे शंभरहाती आतल्याने बाहेर येऊ नये म्हणून आहेत. उगम एक आहे असं मी म्हणणार नाही, पण हरलेल्या राजाच्या काळाची ओढ दोन्हीकडे खरी आहे.

---

शेवंती_वेणी

लोकरीचे बंध! हे कुठेच वाचलं नव्हतं. खूप आभार.

---

उलटा_प्रवाह

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो. हेसिअड जेत्यांचा कवी आहे. 'झ्यूसने जागा नेमून दिल्या' वगैरे वर्णन म्हणजे सत्तेने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट. 'प्रोमिथियस बाउंड'चा पहिला प्रवेश वाचा. बळ आणि जबरदस्ती हे दोन दूत प्रोमिथियसला सिथियाच्या ओसाड कड्यावर आणतात. हेफेस्टस लोहार हळहळतोय, आपल्या कसबाला शिव्या देतोय, आणि बळ त्याला बजावतंय: आणखी ठोक, घट्ट कर, छातीतून पाचर आरपार घाल. त्या नाटकात झ्यूसला सरळ हुकूमशहा म्हटलंय. ग्रीकांनाही या शिक्षा अन्यायाच्या वाटत होत्या, आणि तेच मला मोलाचं वाटतं. कोणाच्या तरी पाठीवर आकाश ठेवून त्याला व्यवस्था म्हणायचं, हे मला मान्य नाही.

---

कातळवाट

@उलटा_प्रवाह, जेत्यांचा कवी हे मान्य. व्यवस्था होती म्हणून ती न्यायाची होती, असं मलाही म्हणायचं नाही. ॲटलसचा गुन्हासुद्धा न सांगता भार सांगणं, यातलं निर्दयपण मला बोचतंच.

पण त्या नाटकातले ते दोन दूत कोण आहेत बघा: स्टिक्सची मुलं, क्रेटॉस आणि बिआ, जी युद्धात सगळ्यांत आधी झ्यूसकडे आली आणि त्याच्या घरी राहिली. मी ज्याला वतन म्हटलं, त्या वतनाची सेवा ती तिथे बजावताहेत. नाटककाराने हेसिअडचीच माणसं घेऊन दुसरी बाजू दाखवलीय, आणि ती तितकीच खरी आहे.

शिवाय ग्रीक तिथे थांबले नाहीत. पुढचं नाटक, ज्यात प्रोमिथियस सुटतो, ते तुकड्यांत उरलंय. त्यातला कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, टायटनांचा होता. म्हणजे ते सुटून आपल्या रक्ताच्या नातलगाला भेटायला आले होते. रोमन लेखक सिसेरोने त्यातला प्रोमिथियसचा एक उतारा लॅटिनमध्ये आणला म्हणून तेवढा तरी हाती आहे. पिंडार इ.स.पू. ४६२ च्या एका गीतात सहज म्हणून जातो की अविनाशी झ्यूसने टायटनांना मोकळं केलं. ते गीत उत्तर आफ्रिकेतल्या सायरीन या ग्रीक नगराच्या राजासाठी आहे आणि एका हद्दपार माणसाला घरी परत घ्यावं अशी त्यात विनंती आहे. झ्यूसने सोडलं, तूही सोड. त्याआधीच्या, सिसिलीतला सत्ताधीश थेरॉन याच्यासाठीच्या गीतात तर पुण्यात्म्यांच्या बेटावर क्रोनसचा बुरूज आहे, तिथे समुद्राचे वारे वाहतात. ज्याला होमरने वारा लागू दिला नव्हता, त्याला.

---

उलटा_प्रवाह

@कातळवाट, हद्दपार माणसाचा संदर्भ माहीत नव्हता. त्याने बाजू बदलत नाही, पण चित्र पुरं होतं.

---

तळकोकणी

जायंट म्हणजे गिगांतेस आणि टायटन एकच का? एटनाखाली एन्सेलाडस आहे असंही वाचलंय.

---

वेशीवरचा

@तळकोकणी, वेगळे. गिगांतेसही गायाचेच, युरेनसच्या रक्तापासून झालेले, पण त्यांना मारता येत होतं. अट एकच: देवांच्या जोडीला मर्त्य माणूस हवा. म्हणून हेराक्लिसला बोलावलं. एन्सेलाडसवर अथीनाने सिसिली बेटच फेकलं, म्हणून तोही एटनाखाली सांगतात. पॉलिबोटीस पळाला तेव्हा पोसायडनने कॉस बेटाचा तुकडा तोडून त्याच्यावर टाकला, ते निसिरॉस. निसिरॉस आजही जागृत ज्वालामुखी आहे.

या युद्धाचं सगळ्यांत मोठं चित्रण पर्गमॉनच्या वेदीवर आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. कार्ल हुमानने १८७८ पासून उत्खनन करून ते बर्लिनला नेलं. साधारण ११३ मीटर लांबीची शिल्पपट्टी, आकृत्या माणसाहून मोठ्या. अथीना एका पंखवाल्याला केसांना धरून ओढतेय आणि त्याची आई गाया कमरेपर्यंत जमिनीतून वर येऊन मुलासाठी गयावया करतेय. जेत्यांच्या स्मारकावर शिल्पकाराने आईचा तो चेहरा कोरलाय, @उलटा_प्रवाह यांनी जरूर बघावा.

---

नकाशेवाला

शनीच्या चंद्रांची नावं इथूनच आली. १८४७ मध्ये जॉन हर्शेलने तेव्हा माहीत असलेल्या सात चंद्रांना शनीच्या, म्हणजे क्रोनसच्या, भावंडांची आणि गिगांतेसची नावं सुचवली: मिमास, एन्सेलाडस, टेथिस, डायोनी, रिआ, टायटन, इआपेटस. ॲटलस, प्रोमिथियस, एपिमिथियस, पँडोरा हे छोटे चंद्र कड्यांपाशी सापडले, ते विसाव्या शतकात.

---

पाणंद

शेवटचा प्रश्न. सत्तेत असलेल्या देवांनी बंड केलं तर? त्यांना टार्टारस होता का?

---

कातळवाट

@पाणंद, धमकी होती. 'इलियड'च्या आठव्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच झ्यूस म्हणतो, माझा हुकूम मोडाल तर टार्टारसमध्ये फेकीन. प्रत्यक्षात मात्र घरातल्या देवांना मुदतीच्या शिक्षा दिसतात. स्टिक्सची खोटी शपथ घेतली तर एक वर्ष श्वास आणि वाचेविना अंथरुणावर, मग नऊ वर्षं देवांच्या सभेला आणि पंगतीला बंदी, दहाव्या वर्षी परत. अपोलोने सायक्लॉप्सना मारलं तेव्हा त्याला ॲडमीटस राजाकडे गुरं राखायला ठेवलं. हेराने हेराक्लिसला वादळात भरकटवलं तेव्हा तिला पायांना दोन ऐरणी आणि हातांना सोन्याची साखळी बांधून ढगांत लटकवलं. कोणी सोडवायला आलं तर त्याला उंबरठ्यावरून खाली भिरकावलं.

खरं बंड एकदाच झालं, ते पहिल्या पुस्तकात आहे. हेरा, पोसायडन आणि अथीना यांनी झ्यूसलाच बांधायचा बेत केला होता. समुद्रदेवी थेटिसने धावत जाऊन ब्रिआरिऑसला ऑलिम्पसवर बोलावलं. तो आला आणि झ्यूसशेजारी नुसता बसला. तिघांची हिंमत खचली, बांधाबांध झालीच नाही. त्या तिघांना काय शिक्षा झाली हे होमर सांगत नाही. पोसायडन आणि अपोलो यांनी वर्षभर ट्रॉयचा राजा लाओमेडॉन याच्याकडे राबणं, पोसायडनने तटबंदी बांधणं, अपोलोने गुरं राखणं आणि शेवटी मजुरी बुडून कान कापायची धमकी ऐकून परत येणं, हे एकविसाव्या पुस्तकात येतं, पण कारण न सांगता. नंतरच्या टीकाकारांनी ते या बंडाशी जोडलं. त्यासाठी काहींनी कटातल्या अथीनेच्या जागी अपोलोचं नाव वाचलं.